ओलिताची तहान

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी पानावर वाढावयाच्या वेळी घालावे, आधी घातल्यास तिला पाणी सुटते, हे आपल्याकडे कोणत्याही गृहिणीला शिकवावे लागत नाही. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवली की सकाळी भांड्याच्या तळाशी खार साचलेला दिसतो. उलट, खिरीत टाकलेला आखडलेला बेदाणा तासाभरात टरारून फुगतो. या तीन गोष्टींच्या मुळाशी निसर्गाचा एकच नियम आहे. त्या नियमाला इंग्रजीत ऑस्मॉसिस म्हणतात. शाळेच्या पुस्तकांतून त्याला परासरण म्हणतात, तर कोशकारांनी त्यासाठी 'तर्षण' असा शब्द योजिला आहे. मला हा दुसरा शब्द अधिक आवडतो. 'तृष्' या धातूपासून तो आलेला असल्यामुळे त्यात तहान आहे. शब्द बनविणाराच्या मनात काय होते कोण जाणे. परंतु पुणे जिल्ह्यातील एका खोऱ्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे या नियमाला तहानेचे नाव मिळाले हे फार यथार्थ झाले, असे वाटू लागते.

हा इतिहास नीरेच्या खोऱ्याचा आहे. पण तो समजण्यासाठी आधी थोडे युरोपात जाऊन आले पाहिजे.

१७४८ साली फ्रान्समध्ये आबे नोले नावाच्या एका पाद्री-शास्त्रज्ञाने दारूच्या अर्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाची कातडी बांधली आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. कातडी ताणली गेली आणि बाहेरच्या बाजूस फुगली. पाणी आत शिरत होते, पण अर्काला तितक्या सहजतेने बाहेर पडता येत नव्हते. पुढे पाऊणशे वर्षांनी द्यूत्रोशे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि सजीवांच्या शरीरात पाण्याची जी ये-जा चालते तिच्याशी या साध्या प्रयोगाचे नाते आहे हे ओळखले. परंतु कातडी हे बेभरवशाचे साधन. तिच्यातून पाणी जाते तसे थोडे थोडे इतर पदार्थही झिरपतात. १८६७ साली मोरिट्झ ट्राउबे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक कृत्रिम पापुद्रा तयार केला, आणि दहा वर्षांनी विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तसलाच पापुद्रा मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत बसवून त्याला बळकटी आणली. आता पाण्याच्या या ओढीचे बळ मोजता येऊ लागले.

फेफरने भांड्यात काय भरले असेल? उसाची साखर! शंभर भाग द्रावणात साखरेचा एक भाग, इतके फिके सरबत त्याने घेतले, आणि बाहेरून आत शिरू पाहणाऱ्या पाण्याचा दाब पाऱ्याच्या नळीवर मोजला. तो भरला सुमारे ५३५ मिलिमीटर. हाच दाब पाण्याच्या उंचीत सांगावयाचा तर सात मीटरांहून थोडा अधिक होतो. म्हणजे चहाच्या तुलनेत अगदीच अळणी म्हणावे असे हे सरबत दुमजली घराच्या माथ्यापर्यंत पाणी चढवू शकते. ह्यूगो द व्हरीज या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने हे आकडे आपला सहकारी व्हान्ट हॉफ याच्या नजरेस आणले. व्हान्ट हॉफने त्यांवरून दाखवून दिले की, हा दाब विरघळलेला पदार्थ कोणता यापेक्षा त्याचे कण किती यावर अवलंबून असतो, आणि त्याचे गणित वायूंच्या दाबाच्या गणितासारखेच आहे. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

आता हे घडते कसे? पेशवाई वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी असे. मोठा दरवाजा बंद असला तरी दिंडीतून माणूस वाकून आत जाई, पण अंबारीसकट हत्तीला तेथून प्रवेश नसे. अर्धपार्य पडद्याचे असेच आहे. पाण्याचे रेणू त्यातून दोन्ही बाजूंनी सारखे ये-जा करीत असतात; साखरेला किंवा क्षाराला मात्र तेथे मज्जाव असतो. दोन्ही बाजूंना शुद्ध पाणी असले तर जितके रेणू आत जातात तितकेच बाहेर येतात, आणि वरकरणी काहीच घडत नाही. एका बाजूस क्षार विरघळविला की त्या बाजूच्या पाण्याची निसटून जाण्याची प्रवृत्ती मंदावते. मिठाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा सावकाश वाळते, त्याचेही कारण हेच. मग जमाखर्चाचा मेळ बिघडतो. शुद्ध पाण्याकडून येणारे रेणू पूर्वीइतकेच, आणि परत जाणारे मात्र कमी. शिल्लक राहते ती खाऱ्या बाजूस. मीठ पाण्याला दोरी लावून ओढते असे आपण बोलतो. खरे पाहता पाणी स्वतःच्या चालीनेच जाते, मीठ फक्त त्याची परतवाट मंद करते. सजीवांच्या पेशींवरील पडद्यात या ये-जा करण्यासाठी पाण्याच्या खास वाटा असतात, हे तर अगदी अलीकडे, १९९२ साली, पीटर एग्र या अमेरिकन शास्त्रज्ञाने सिद्ध केले. त्यालाही पुढे २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

झाडाचे मूळ हा असाच एक पडदा आहे. मुळाच्या पेशींतील रस मातीतील पाण्यापेक्षा अधिक दाट असतो, आणि वर पाने वाफेच्या रूपाने पाणी सोडीत असल्यामुळे खालच्या पाण्याला एक सततची ओढ असते. म्हणून मातीतील पाणी मुळात शिरते. हे सर्व मातीतले पाणी गोडे आहे तोवर. ते खारे झाले तर?

आता आपण नीरेकाठी येऊ.

१८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनच्या अवर्षणी पट्ट्याची दैना उडवून दिली. पुरंदर, भीमथडी आणि इंदापूर या तालुक्यांत पाऊस हा पाहुण्यासारखा येणार, आणि पुष्कळदा न सांगता चुकणार. दुष्काळावर कायमचा उपाय म्हणून सरकारने कालवे हाती घेतले. मुठेवर खडकवासल्याचे धरण झालेच होते. १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा वाहू लागला. त्याच्या पाठीशी वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण उभे राहिले. वीरच्या बंधाऱ्यापासून सुमारे शंभर मैल जाणाऱ्या या कालव्याने बारामती-इंदापूरचे रूप पालटून टाकले. जेथे बाजरी पिकली तर नशीब, तेथे उसाची बेटे दिसू लागली. गुऱ्हाळे लागली, गूळ बाजारात गेला, आणि कालव्याच्या पाण्याला लोक लक्ष्मी मानू लागले. त्यात त्यांचे काय चुकले?

परंतु ऊस हा मोठा पाणीपिता गडी. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. पाटाचे पाणी घटकांवर मोजून नव्हे तर क्षेत्रावर आकारून मिळे. मग जितके मिळेल तितके सोडावे, ही माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती. दख्खनची काळी जमीन पाणी धरून ठेवते, आणि ते सावकाश खाली सोडते. खालचा मुरूम ते पाणी साठवितो. वर्षानुवर्षे असे पाणी जिरत गेले, आणि पूर्वी विहिरीत खोल डोकावावे लागे ते भूजल चार-पाच हातांवर येऊन ठेपले. कोठे कोठे ते जमिनीलाच भिडले. अशा जमिनीला आपल्याकडे चिबड म्हणतात.

पाणी वर आले तेव्हा ते एकटे आले नाही. दख्खनचा काळा पाषाण झिजताना त्यातून क्षार सुटत असतात. पुरेसा पाऊस आणि चांगला निचरा असलेल्या प्रदेशात ते धुपून नदीमार्गे समुद्राला जातात. कोरड्या प्रदेशात ते मातीच्या खोल थरांत पडून राहतात. वर चढणाऱ्या भूजलाने हे निजलेले क्षार जागे केले. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे मातीच्या बारीक पोकळ्यांतून खारे पाणी पृष्ठभागाकडे चढले. उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन उडाले, क्षार मागे राहिले. दरवर्षी थोडे, याप्रमाणे हिशेब वाढत गेला आणि एके दिवशी रानावर पांढरी खार फुटली.

अशी राने मी पाहिली आहेत. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दुरून पाहावे तर कोणी रांगोळी सांडल्यासारखे वाटते. पायाखाली माती ओलसर लागते, आणि तरीही कडेचा ऊस शेंड्याला करपलेला, खुरटलेला असतो. हा देखावा ज्याने पाहिला नाही त्याला त्यातील क्रूर विरोध समजावयाचा नाही. पीक पाण्यात उभे आहे आणि तहानेने मरत आहे! मातीतील पाणीच इतके खारे झालेले असते की मुळाला ते आत घेता येत नाही. एक लिटर पाण्यात सहा ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचाभर मीठ विरघळले तर त्याचा तर्षणदाब वातावरणाच्या दाबाच्या साडेचारपटीहून अधिक होतो. वजनास वजन घेतले तर मिठाचा हा प्रभाव साखरेच्या दहापटीहून जास्त, कारण मिठाचे कण हलके, आणि विरघळताच एकाचे दोन होणारे. इतक्या दाबाशी झुंज घेऊन पाणी मिळवावयाचे तर झाडाला आपला रस आणखी दाट करावा लागतो, आणि त्यासाठी वाढीला लागणारी शिदोरी खर्ची घालावी लागते. शिवाय सोडियम आणि क्लोराइड आत शिरून विषासारखी बाधतात ती वेगळीच. ऊस या बाबतीत नाजूक आहे. बऱ्याच पिकांना जाणवत नाही इतक्या खारटपणानेही त्याचा उतारा घटू लागतो. व्हान्ट हॉफला आपले नियम ज्या साखरेच्या द्रावणातून सापडले, त्या साखरेचे झाडच त्या नियमाला आमच्या जिल्ह्यात बळी पडावे, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

आणि शेतकऱ्याने काय केले असेल? पीक माना टाकते आहे असे पाहताच त्याने आणखी पाणी दिले. तो वेडा नव्हता. कोमेजलेल्या झाडाला पाणी द्यावे ही हजारो वर्षांची शिकवण होती. मुळाच्या पडद्यावर चाललेला व्यवहार डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते फक्त कोमेजलेले पान. प्रत्येक पाळीबरोबर भूजल आणखी वर येई, आणि तहान भागविण्यासाठी दिलेले पाणीच तहान वाढवी.

या दुखण्याकडे शास्त्राची नजर वळली ती पुण्यात. १९०७ साली डॉ. हॅरॉल्ड मॅन पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होऊन आले. हा मोठा चौकस रसायनशास्त्रज्ञ. त्याने आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन पंचवीस-एक वर्षेच झाली होती. म्हणजे एका पिढीच्या आत वरदानाच्या पोटातून निघालेल्या शापाची लेखी नोंद झाली होती. हाच मॅन पुढे १९१७ साली पवनेकाठच्या पिंपळे सौदागर या खेड्याची घरोघर पाहणी करून 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हा प्रसिद्ध ग्रंथ लिहिता झाला. मातीचे पृथक्करण करणारा माणूस मातीवर जगणाऱ्या माणसांच्या कर्जाचेही पृथक्करण करतो, हे मला त्याच्या ठायी विशेष वाटते. खार फुटलेल्या रानाचा सारा आणि सावकाराचे व्याज मात्र त्या रानाबरोबर करपत नाही, हे त्याला ठाऊक होते.

अभियंत्यांनीही हात जोडून वाट पाहिली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात नोकरीस असलेल्या विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यासाठी 'ब्लॉक पद्धती' सुचविली. एका गटातील जमिनीच्या तिसऱ्या हिश्शातच उसासारखे बारमाही पीक घ्यावयाचे, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके, आणि ही जागा तीन वर्षांत फिरती ठेवावयाची. त्यामुळे पाण्याचा लाभ अधिक गावांना मिळावा आणि एकाच रानात सतत पाणी मुरू नये, असा दुहेरी हेतू होता. १९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधाऱ्याची पद्धत शेतीच्या गरजेनुसार सुधारण्यासाठी एक खास शाखा काढली. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने तेथे आयुष्यातील उमेदीची वर्षे घालविली. १९२० च्या दशकात त्याने आणि गोखले नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने दख्खनच्या कालव्यांखालील बिघडलेल्या जमिनींच्या निचऱ्याचा प्रश्न तपशिलाने मांडला. भूजल कोठे किती वर आले आहे ते मोजावे, मुरमाचा झिरपता थर शोधावा, त्या थरापर्यंत खोल चर घेऊन पाण्याला ओढ्याची वाट मोकळी करून द्यावी, आणि मग गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत, असा हा मार्ग. पुण्याजवळ खडकवासल्यास आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, ते या छोट्या शाखेचाच वटवृक्ष होय. धरणांचे आणि बंदरांचे प्रतिकृतिप्रयोग पाहावयास जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते की, या संस्थेच्या जन्माच्या वेळी बिघडत्या ओलिताचा प्रश्न उशाशी बसला होता?

चर खणला की काम भागते असे मात्र नाही. क्षार नुसते मातीतल्या पाण्यात असतील तर ते धुऊन निघतात. पण सोडियम मातीच्या बारीक कणांना चिकटून बसला तर माती पाण्यात फिसकटते, वाळल्यावर दगडासारखी होते, आणि पाणी खाली जाऊच देत नाही. हीच चोपण. तिला आधी जिप्सम द्यावे लागते. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणांवरून उठवितो, आणि मग धुणे शक्य होते. खारवट आणि चोपण हा भेद आमच्या शेतकऱ्याच्या भाषेत आधीपासून आहे. त्याची कारणे शास्त्राने मागाहून सांगितली.

उपाय इतके जुने, तर दुखणे अद्याप का उरले? नीरेपुरतेच नव्हे, कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडेही क्षारपड राने डोळ्यांपुढे आहेत. माझ्या मते याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही. निचऱ्याचा चर एकट्याच्या शेतात सुरू होऊन तेथेच संपत नाही. तो शेजाऱ्याच्या बांधातून जावा लागतो. वरच्या अंगाच्या रानात जास्त झालेले पाणी खालच्या अंगाच्या रानात खार होऊन उगवते. ज्याने पाणी सोडले त्याला गूळ मिळतो, आणि ज्याचे रान सखल त्याला मीठ. पाण्याला जशी बांधाची ओळख नाही तशी बांधाच्या भांडणाला पाण्याची नाही. व्हान्ट हॉफचे समीकरण सर्वांना सारखे लागू पडते. नुकसान मात्र सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही.

या नियमाला उलटे वळविण्याची युक्तीही माणसाने काढली आहे. तर्षणदाबाहून जास्त दाब खाऱ्या बाजूस दिला तर पाणी उलट दिशेने, खाऱ्याकडून गोड्याकडे, जाऊ लागते. त्यासाठी कामास येईल असा पातळ पापुद्रा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि आपल्या देशात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला. मॅनने पाहिलेले पिंपळे सौदागर आता उंच इमारतींचे उपनगर झाले आहे. तिथल्या किती स्वयंपाकघरांच्या भिंतीवर 'आरओ'ची पेटी टांगलेली असते! तिच्या पोटात फेफरच्या भांड्याचाच वंशज बसलेला आहे. मात्र ती पेटी गोड्या पाण्याबरोबर आणखी खारट झालेले पाणीही बाहेर टाकते. क्षार नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते एवढेच. घागरीपुरते हे ठीक. शंभर एकर रानाला अशी पेटी कोठून लावणार? सारे रान दाबाने पिळून काढता येत नाही. तेथे मोजके पाणी आणि मोकळा निचरा हाच जुना मार्ग. ठिबकाने पाणी बेताने देता येते, जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करता येतो. २००९ साली बारामतीजवळ माळेगावला पिकांवर क्षार, अवर्षण, उष्णता यांमुळे येणाऱ्या ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था निघाली. ज्या खोऱ्यातून १९१० ची पुस्तिका निघाली त्याच खोऱ्यात ही संस्था यावी, हे उचितच झाले.

दुष्काळाला भिऊन आपण पाणी आणले, आणि पाणी आले की तहान गेली असे समजलो. निसर्गाच्या वहीत मात्र पाणी किती आले एवढेच लिहिलेले नसते; ते कशासह आले आणि कोठून बाहेर गेले हेही लिहिलेले असते. दिवाळी सरली की नीरेकाठी उसाच्या गाड्या कारखान्याच्या वाटेला लागतील. त्या वाटेच्या कडेला, सखल जागी, एखादे पांढरे पडलेले रान दिसेल. त्याच्या मालकाच्या घरीही दिवाळी झाली असेल. पण त्याच्या गाडीला त्या रांगेत जागा नसेल.